हिरवी राहिलेली बाग

मोसंबीच्या रंगावरून मी आजही मंडईत भांडते. फळवाला पिवळीधमक फळं वरच्या थरात मांडतो, हिरवी खाली दडपतो आणि माझ्या सुना नेमक्या वरच्या थराला हात घालतात. मी म्हणते, खालची काढ. तो म्हणतो, आजी, ती कच्ची आहेत. मग माझं डोकं फिरतं. फळ पिकतं आतून, सालीवरचा रंग हा हवेचा खेळ, हे मी त्याला एकदोनदा सांगून पाहिलं. तो हसला. हसू दे. माझ्या सासरी तर हे ऐकून कुणी हसलंही नव्हतं, आणि तिथे एका बाईचा सगळा संसार त्या रंगावर टांगलेला होता.

सोलापुरात तीस साली लष्करी कायदा लागला त्याच्या दोनएक वर्षं आधीची ही गोष्ट. सोलापूरपासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसावर, सीनेच्या काठाला आमचं गाव. माझ्या सासऱ्यांचा, मामंजींचा, पूर्वी पानमळा होता. नागवेलीचं शेत म्हणजे देवघरापेक्षा कडक. पायताण घालून आत जायचं नाही आणि विटाळातल्या बाईनं तर कुंपणाला हातसुद्धा लावायचा नाही. तिची सावली पडली तर वेल जळते, अशी पक्की समजूत. मामंजींनी जन्मभर हे नेम पाळले आणि तरीही एका साली सगळ्या वेली मुळापासून कुजून गेल्या. वेली गेल्या, समजूत मात्र तशीच राहिली. त्याच जमिनीत, त्याच विहिरीवर त्यांनी मग मोसंबी लावली आणि पानमळ्याचे सगळे नेम उचलून मोसंबीला लावून टाकले. मोसंबीला कुणी विचारलं नव्हतं.

मोसंबी तेव्हा आमच्या भागात नवलाची होती. मामंजी रोपं आणायला नगरच्या पुढे, डोंगराच्या अंगाला गेले. तिथे माझ्या वडिलांकडे मुक्काम पडला. परतले तेव्हा गाडीत रोपं होती आणि धाकट्या मुलासाठी मी ठरलेली होते. हे, म्हणजे माझे यजमान, मला पुढे चिडवायचे की बाबांनी तुला कलमांवर फुकट आणली. मी नांदायला आले तेव्हा झाडं माझ्या खांद्याला लागत होती. माझ्या आधी त्या घरात एकच सून होती, माझी थोरली जाऊ.

तिला मी अक्का म्हणायची. तिचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडे. तिकडे घरात कानडी चालतं. ती मला तंगी म्हणायची, म्हणजे धाकटी बहीण. सासरच्या माणसांशी मराठी बोलायची, बैलांशी आणि झाडांशी कानडी. उंच, हाडापेरानं मजबूत, आणि कामाला अशी की मोट हाकणाऱ्या माझ्या दिरांनाच दम लागायचा. मोटेचं पाणी पाटानं आलं की एका झाडाच्या आळ्यातून दुसऱ्याच्या आळ्यात ते वळवायचं, त्याला आमच्याकडे दारं धरणं म्हणतात. ते काम खरं तर गड्याचं. पण आमचा गडी सोलापूरच्या गिरणीत लागला, तेव्हापासून दारं अक्काच धरायची. लुगडं खोचून, हातात खोरं घेऊन ती चिखलात उभी राहिली की मला वाटायचं, ही बाग हिचीच आहे.

शेतकऱ्याच्या घरात बायकांना चार दिवस बाजूला बसून खायला फुरसत कुठली? आमच्याकडे चूल, देव आणि बाग एवढंच वर्ज्य असायचं. शेण, गोठा, खळं, सगळं चालायचं. अक्का बाजूला बसली की दारं मी धरायची, आणि मी बसले की ती. असं आमचं जुळलेलं होतं. आदल्या वर्षी पहिला बहर धरला. दिवाळीनंतर कडाक्याची थंडी पडली आणि बघता बघता बाग पिवळी झाली. मामंजी माणसं बोलावून बोलावून बाग दाखवायचे. देवानं पदरात टाकलं म्हणायचे.

दुसऱ्या वर्षी अक्काला दिवस गेले होते, ते पोट भादव्यात पडलं. तिसरा महिना होता. सुईणीनं काहीबाही पाजलं आणि उठून बसवलं. लोकांना वाटलं, झालं, निभावलं. पण अक्काच्या अंगावरून जाणं थांबेना. कधी कमी व्हायचं, कधी पुन्हा सुरू. हे घरात फक्त मला ठाऊक होतं, कारण ओढ्यावर धुणं आम्ही दोघीच न्यायचो.

"आत्याबाईंना सांग की," मी तिला म्हटलं. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. "औषध तरी देतील."

"बेड, तंगी," ती म्हणाली. नको, म्हणजे. "सांगितलं तर बागंत जाऊ देत्याल का? आन् हे थांबायचं कवा? चार दिसाचं ठीक हाय, हे तर थांबतच न्हाय. तवर दारं कोन धरनार, तू एकटी?"

खरं होतं ते. विटाळ चार दिवसांचा असतो असं धरून सगळे नेम केलेले. तो महिनोन्महिने चालला तर बाईनं जायचं कुठे, याचा विचार नेम करणाऱ्यांनी केलाच नव्हता. अक्का बागेत जात राहिली, आणि ती सगळी झाडं तिनंच पाजली.

त्या वर्षी थंडी पडली नाही. कार्तिक सरला तरी अंगावर घोंगडी घ्यावी लागेना. मद्रासेकडे कुठे समुद्रावर वादळ झालं म्हणे. पूर्वेकडून ढग यायचे ते हटायचं नाव घेत नव्हते. पाऊस नाही, वारा नाही, नुसतं कोंदट. रात्री उकडायचं, माश्या आणि डास भादव्यासारखे. जोंधळ्यावर चिकटा पडला, पानं हाताला गुळासारखी चिकटायची. आणि बाग हिरवीच. फळं आकारानं भरली, हातात घेतली तर जड लागायची, साल ताणून गुळगुळीत झालेली. पण रंग पोपटाच्या पंखासारखा. उन्हाच्या बाजूला दोनचार फळांना पिवळा डाग पडायचा, तो पाहून मामंजी धावत जायचे. जवळून पाहिलं तर साल भाजलेली असायची.

मार्गशीर्षात सोलापूरचे बागवानचाचा आले. आमच्या भागात फळांचा व्यापार बागवानांच्या हातात. झाडावरच माल बघायचा, बागेचा सौदा करायचा आणि उतरवून न्यायचा, अशी त्यांची रीत. चाचांनी एक हिरवं फळ तोडलं, चाकूनं चिरलं. रस त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. त्यांनी एक फोड चोखली, एक मामंजींना दिली, एक यांना.

"मीठा है," चाचा म्हणाले. "एकदम भरला माल हाय. पन पाटील, रंग कहाँ है? गड्ड्यात ह्ये ढीग लावला तर लोकां लिंबू समजतील. कमी भावात देताव तर आत्ताच उतरवतो. माझं ऐका, झाडावर ठेवू नका."

गड्डा म्हणजे संक्रांतीला भरणारी सोलापूरची सिद्धेश्वराची जत्रा. सगळ्या बागाईतदारांचा डोळा त्या जत्रेवर असायचा. मामंजींना भावाचं एवढं नव्हतं, खरं सांगते. ज्यांनी आदल्या वर्षी सगळ्या गावाला पिवळी बाग दाखवली होती, त्यांना यंदा हिरवी फळं गाडीत भरून वेशीतून न्यायची लाज वाटत होती. ते म्हणाले, "रंग आल्याबिगर फळ उतरायचं न्हाय." चाचांनी खांदे उडवले आणि ते गेले.  फळ आतून तयार होतं, गोड होतं, आणि मामंजी त्याच्या कातडीचा रंग बदलायची वाट बघत बसले.

मी जेवायला वाढताना एकदा बोलून गेले, की आमच्या माहेरी थंडीचा कडाका पडला की लिंबं पिवळी होतात, नाहीतर झाडावर हिरवीच राहतात. यंदा देवळामागचं लिंबूसुद्धा हिरवंच आहे, बघा. आत्याबाईंनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी पळी खाली ठेवली.  मामंजींच्या मनात पानमळा घोळत होता, हे मला नंतर कळलं.

आणि त्याच आठवड्यात अक्का बागेत पडली. सकाळची वेळ, मोट चालू होती. पाणी आळ्यात भरून वाहायला लागलं तरी कुणी दार मोडून पाणी वळवेना, म्हणून आत्याबाई बघायला गेल्या. मी त्यांच्या मागे. अक्का ओढ्याकडच्या खोलगट तुकड्यात एका झाडाखाली चिखलात आडवी झाली होती. शुद्ध होती, पण उठवत नव्हतं. आम्ही दोघींनी तिला धरून उठवलं आणि आत्याबाईंना तिचं लुगडं दिसलं.

"कवापासनं?" त्यांनी विचारलं.

अक्काला खोटं बोलता येत नसे. मी मागून तिचा हात दाबत होते. ती म्हणाली, "भादव्यापास्नं."

मोट थांबली होती. मामंजी आणि माझे थोरले दीर, भाऊजी, मोटेचे बैल चालतात त्या धावेवरून खाली आले होते. भादव्यापासून, म्हणजे फळ सुपारीएवढं असल्यापासून. एकेकानं मान वर करून झाडाकडे पाहिलं. हिरव्या फळांनी फांद्या वाकल्या होत्या. त्या क्षणी त्या घरात निकाल लागला. पुढे जे झालं ते नुसतं बोलणं.

मामंजी दुष्ट नव्हते. हेच तर मला अजून सहन होत नाही. त्यांनी अक्काला शिवी दिली नाही, हात उगारला नाही. संध्याकाळी ओसरीवर बसून, तंबाखू मळत, पंचांनी न्याय सांगावा तसं सांगितलं. "तिला म्हायेरी पोचवा. गड्ड्यापत्तुर बघू. फळं हिरवीच ऱ्हायली तर तिचा दोष न्हाय, मी सोता गाडी जुपून घिऊन येतो. पिवळी झाली तर मग बोलनंच खुटलं. मोठ्याचं दुसरं बगाय लागंल." भाऊजींनी मान खाली घातली. त्यांना बोलायचं होतं, हे त्यांच्या जबड्यावरून दिसत होतं. पण बापापुढे तोंड उघडायची त्या घरात कुणाला सवय नव्हती. मला त्यांचा राग आला. तो अजून गेलेला नाही.

अक्काला हा निवाडा रास्त वाटला. मी तिची बोचकी बांधत होते, तर ती म्हणाली, "दोष नसंल तर ईनच की मी. तू कशाला रडतीस?" जाताना ती गाडीतून वळून माणसांकडे बघत नव्हती, बागेकडे बघत होती.

त्या दिवसापासून मी आभाळाची राखण सुरू केली. सगळं गाव ढगांना शिव्या घालत होतं. चिकट्यानं जोंधळा जाईल, हरभऱ्याला घाटा धरणार नाही, बायका पदरानं वारा घेत कुरकुरत होत्या. आणि मी एकटी मनात म्हणत होते, राहा रे बाबांनो, संक्रांतीपर्यंत राहा. गावाचं नुकसान होत होतं, त्याची मला लाज वाटली नाही. सकाळी उठले की आधी अंगणात जाऊन हात पुढे करून बघायची. हवा कोमट लागली की बरं वाटायचं. मग बागेत जाऊन फळं बघायची. हिरवी दिसली की ती मला अक्काच्या हिरव्या बांगड्यांसारखी शुभ वाटायची. आत्याबाईही रोज बघायच्या. आम्ही दोघी एकाच झाडाखाली उभ्या राहून एकाच फळाकडे बघत असू, एक पिवळं व्हावं म्हणून आणि एक होऊ नये म्हणून.

मार्गशीर्ष गेला. पौष लागला. फळं हिरवीच. भाऊजी आता मधूनच माझ्याकडे बघून मान डोलवायचे. एके दिवशी त्यांनी गाडीच्या आसाला वंगण घातलं, चाकं काढून पुन्हा बसवली. गड्ड्याला अजून अवकाश होता. मी ओळखलं, ते अक्कलकोटच्या वाटेची तयारी करताहेत. त्या दिवशी मी भाकरी थापताना गुणगुणत होते, असं आत्याबाईंनी मला नंतर ऐकवलं.

मग एका पहाटे मी अंगणात आले आणि दात वाजले. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. उत्तरेचा वारा सुटला होता. रांजणातलं पाणी हाताला चावत होतं. शेजारची म्हातारी शेकोटी पेटवत खुशीत म्हणाली, "आली बया थंडी एकदाची!" मी तिथेच पायरीवर बसले.  आमच्या डोंगरात मी असल्या थंड्या काढल्या होत्या. ही आली की काय करते, ते मला चांगलं ठाऊक होतं.

पहिले दोनतीन दिवस काही दिसलं नाही. नंतर हिरव्या रंगाची तकाकी उतरली. मग फळं फिकी झाली, पाडाला आलेल्या कैरीसारखी. आणि मग ओढ्याकडच्या खोलगट तुकड्यात पहिलं झाड पिवळं झालं. गार हवा जड असते, ती उतारावरून घरंगळत जाऊन सखल जागी बसते. हे मला आज सांगता येतं. तेव्हा एवढंच दिसलं की ज्या झाडाखाली अक्का पडली होती, तेच झाड आधी पिवळं झालं. आत्याबाईंनी त्या झाडाला हात जोडले. म्हणाल्या, "जितं जास्ती बाधलं हुतं, तितंच आदी सुटलं बग."

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. ही म्हण त्या घरातल्या प्रत्येकाला येत होती. मामंजी तर बोलताना दहादा वापरायचे. पण स्वतःच्या फांदीवर कावळा बसला की म्हण कुणाला आठवत नाही. मी म्हटलं, "देवळामागचं लिंबूबी पिवळं झालंय की, आत्याबाई. त्याच्यावर कुणाची सावली पडलीवती?" त्या म्हणाल्या, "तिकडनंच जात हुती की ती पान्याला." 

भोगीच्या दिवशी पहिलं पिवळं फळ देवापुढे ठेवलं. दुसऱ्या दिवशी गाड्या भरून सोलापूरला निघाल्या. मीही होते. सुनांना गड्डा दाखवायचा अशी पद्धत होती, आणि आता सून एकच होती. तळ्याकाठी माणसांचा समुद्र, नंदीध्वजांची मिरवणूक, पालांच्या रांगा. बागवानचाचांनी आमच्या गाडीवरची गवताची पेंढी बाजूला केली आणि सोन्यासारखा ढीग बघून "वाह" म्हणाले. मग एक फळ चिरलं. चाकू कर्रकन गेला. मनगटावर काही ओघळलं नाही. देठाकडची निम्मी फोड पांढरीफटक, आत रसाच्या जागी भुसा. त्यांनी दुसरं चिरलं, तिसरं चिरलं.

"बोला था मैं," चाचा हळूच म्हणाले. "झाडावर ठेवू नका बोला था. रंग आया, रस गया."

तरी त्यांनी माल घेतला. कारण जत्रेत लोक फळ चिरून बघत नाहीत. माझ्या डोळ्यांदेखत तो भुसा हातोहात खपला. बायका पोरांच्या हातात पिवळी मोसंबी देत होत्या आणि पोरं ती चेंडूसारखी झेलत होती.

परतताना मामंजींनी गाडीत राहिलेलं एक फळ सोलून बघितलं. मला वाटलं, आता तरी काही उमगलं असेल. मग ते म्हणाले, "रंग आला, पन रस काय आला न्हाय. आतनं तिनं चोखून नेला."

माझा तोल गेला. सासऱ्यापुढे मान वर न करणारी मी, ओरडले, "चाचांनी हिरवं चिरलं तवा रस कोपरापत्तुर आलावता, मामंजी! तवा ती हितंच हुती की! बागंतच हुती!" आत्याबाईंनी माझ्या दंडाला असा चिमटा काढला की आठवडाभर काळं-निळं होतं. हे बैलांकडे बघत राहिले. मामंजींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सुनेचं बोलणं ऐकू आलं नाही असं दाखवण्यातही एक चांगुलपणा असतो, असा त्यांचा समज.

माघात एके सकाळी भाऊजी मला गोठ्यात भेटले. म्हणाले, "मी तिला आनाय चाललोय. बाग गेली खड्ड्यात. बाला काय करायचं ते करू दे. तू चल, तुजं ऐकंल ती." जन्मात पहिल्यांदा ते बापाला न विचारता काही करत होते. मला इतका आनंद झाला की मी त्यांच्या पाया पडले. त्यांनी मामंजींना जाऊन सांगितलंही. मामंजी म्हणाले, "तुजी मर्जी." आत्याबाईंनी निघताना गाडीत एक दुरडी ठेवली. झाडांवर राहिलेली पिवळी मोसंबी होती. "आजारी मानसाला फळं," त्या म्हणाल्या. त्यांच्या मनात खरंच दया होती की नाही, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. मी ती दुरडी वाटेत फेकून द्यायला हवी होती, असं कितीदा मनात येतं. पण फळं कोण फेकून देतं?

अक्का माहेरच्या अंगणात भिंतीला टेकून उन्हात बसली होती. मी तिला ओळखलं ते बोलण्यावरून. चेहरा हळदीसारखा झालेला, हातातल्या बांगड्या कोपराकडे सरकलेल्या. भाऊजींना पाहून तिनं पदर सावरला आणि हसली. तिच्या आईनं पाणी आणलं. भाऊजी उंबऱ्याशी बसले आणि खाली बघत म्हणाले, "चल घरी. गाडी आनलीय." तिच्या डोळ्यांत जे आलं ते मी पाहिलं. ती भिंतीला हात लावून उठायलाच लागली होती.

तेवढ्यात तिच्या आईनं गाडीतली दुरडी आणून तिच्यापुढे ठेवली.

अक्कानं एक फळ उचललं. उन्हात धरलं. सगळीकडून फिरवून बघितलं. "ही आपली?" तिनं विचारलं.

"व्हय," भाऊजी म्हणाले.

"कवा झाली?"

"थंडी पडली तवा," मी घाईघाईनं म्हणाले. "अक्का, थंडीनं होतात ती. आमच्या म्हायेरी..."

"मी हिकडं आल्यावर," ती म्हणाली. पुन्हा भिंतीला टेकली. मांडीवर ते फळ तसंच धरून.

मी तिच्या आईकडून विळा मागितला, फळ चिरलं, आतला भुसा तिला दाखवला. सांगितलं, बघ, कोरडं आहे, गोड होतं ते हिरवं होतं, तू पाजलेलं, तू होतीस तेव्हाचं. रंगाला काही अर्थ नाही. माझा आवाज चढला होता, मी रडत होते. भाऊजी म्हणाले, मला बाग नको, तू चल. असं बोलताना मी त्यांना त्या आधी कधी ऐकलं नाही आणि नंतरही नाही. अक्कानं ती कोरडी फोड तोंडात घातली, चघळत राहिली, चोथासुद्धा गिळला.

"ग्वाड हाय की गं," ती म्हणाली. मग भाऊजींकडे न बघता मला म्हणाली, "आता माजी सावली नको बागंला. पुढल्या वर्सीबी पिवळी झाली तर निरोप धाड, तंगी. म्हंजी माज्या जिवाला खातरी पटंल."

भाऊजी दिवस कलेपर्यंत उंबऱ्याशी बसून होते. मग त्यांनी रिकामी गाडी जुंपली.

चैत्रात ती गेल्याचा सांगावा आला. अंगावरचं जाणं थांबलंच नव्हतं. भाऊजींनी दुसरं लग्न केलं नाही. मामंजींनी दोनदा विषय काढला, तेव्हा ते ताटावरून उठून गेले. फळं संक्रांतीपर्यंत झाडावर ठेवल्यानं झाडं थकली होती. पुढचा बहर उशिरा आला आणि थोडकाच धरला. दारं आता मी धरत होते.

आणि त्या वर्षी पुन्हा तेच. कार्तिकात ढग आले ते मार्गशीर्षातही गेले नाहीत. रात्री उकडायचं. जोंधळ्याला चिकटा. फळं भरली, जड झाली, आणि हिरवीगार राहिली. बागेत अक्काची सावली नव्हती, गावात नव्हती, जगातच नव्हती, आणि फळं हिरवी होती. मला निरोप धाडायचा होता. तुझा काही दोष नव्हता गं, एवढंच सांगायचं होतं. कुणाला धाडणार?

एका सकाळी मी खोरं घेऊन आळ्यात उभी होते. आत्याबाई आल्या. फांदी वाकवून त्यांनी फळं बघितली, एक, दोन, पुष्कळ. मला वाटलं, आता त्यांच्या तोंडून काहीतरी निघेल. त्यांनी फांदी सोडली. माझ्याकडे वळल्या, मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि विचारलं, "तू मागल्या खेपंला बाजूला कवा बसलीवतीस गं?"